छातीला कुलूप, गर्भाशयाला किल्ली : एकाच गोळीची दोन कामे

टॅमॉक्सिफेन नावाची एक लहानशी गोळी आहे. स्तनाच्या कर्करोगाचे ऑपरेशन झालेल्या अनेक स्त्रियांना डॉक्टर ती रोज एक याप्रमाणे पाच वर्षे, काहींना दहा वर्षे घ्यायला सांगतात. केसपेपरवर या उपचाराचे नाव ‘हार्मोन थेरपी’ असे लिहिलेले असते. या दोन शब्दांनी आपल्या वस्त्यांतून किती घोळ होतो ते आम्ही अनेक वर्षे पाहत आलो आहोत.

पहिला घोळ असा. डॉक्टर सांगतात की तुमच्या गाठीला इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनमुळे बळ मिळत होते. मग बाई विचारते, हार्मोनने वाढणाऱ्या आजाराला पुन्हा हार्मोनचीच गोळी कशी? दुसरा घोळ त्याहून मोठा. घरातली बारावीतली मुलगी पाकिटातला कागद उलगडून वाचते. त्यात लिहिलेले असते की या गोळीने गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग होण्याची शक्यता वाढते. झाले! दुसऱ्या दिवसापासून पाकीट फळीवर जाते. एका भगिनीने आम्हाला स्पष्टच विचारले, “भाऊ, एका जागचा कॅन्सर मारायचा नि दुसऱ्या जागचा ओढवून घ्यायचा, हा कुठला व्यवहार?”

प्रश्न अगदी रास्त आहे. नुसते “डॉक्टर सांगतात तसे करा” म्हणून तो मिटवता येत नाही. एकच गोळी एका अवयवात हार्मोनच्या विरुद्ध आणि दुसऱ्या अवयवात हार्मोनसारखी कशी वागते? शास्त्रज्ञांनाही हे कोडे बरीच वर्षे पडलेले होते, आणि ते सुटले ते पेशीच्या आतल्या कारभाराचा शोध लागल्यावर. आम्ही वाणिज्य शाखेचे, आयुष्य कारकुनीत गेलेले. तरी हा कारभार वाचताना आम्हाला परका वाटला नाही. कारण तो थेट कचेरीसारखा चालतो!

आधी थोडा मागचा इतिहास. स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात जॉर्ज बीटसन नावाचे एक शल्यचिकित्सक होते. १८९५ साली त्यांच्याकडे स्तनाचा कर्करोग पुन्हा उलटलेली एक तरुण स्त्री आली. त्यांनी तिच्या स्तनाला हात न लावता पोटातील दोन्ही बीजकोश काढून टाकले. काही महिन्यांत छातीवरच्या गाठी ओसरल्या. १८९६ साली त्यांनी ही हकीकत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. त्या वेळी ‘हार्मोन’ हा शब्दसुद्धा जन्मलेला नव्हता. पोटातला अवयव काढला तर छातीतला आजार का हटावा, हे कोणी सांगू शकत नव्हते. पुढे इतर डॉक्टरांनी हेच ऑपरेशन केले, तेव्हा साधारण तिघींपैकी एकीलाच गुण येई. उरलेल्या दोघींचे बीजकोश विनाकारण जात. गुण कोणाला येणार हे आधी ओळखण्याची काही सोय नव्हती, आणि पुढे साठ-सत्तर वर्षे ती झाली नाही.

ती सोय झाली अमेरिकेत, शिकागो विद्यापीठात. एल्वुड जेन्सन यांनी आपले सहकारी हर्बर्ट जेकबसन यांच्या मदतीने १९५० च्या दशकाच्या शेवटी इस्ट्रोजेनवर किरणोत्सर्गी हायड्रोजनची खूण केली, म्हणजे ते शरीरात कुठे जाते त्याचा माग काढता यावा. असे खुणेचे इस्ट्रोजेन त्यांनी उंदरांच्या लहान माद्यांना टोचले. रक्तातून ते सगळीकडेच गेले. पण स्नायूंत ते थांबले नाही, आले तसे निघून गेले. गर्भाशयाने मात्र ते धरून ठेवले. म्हणजे तिथे त्याला धरणारे कोणीतरी होते. तो धरणारा म्हणजेच इस्ट्रोजेनचा रिसेप्टर, मराठीत ‘ग्राही’. हे एक प्रथिन असते. रुग्णालयाच्या रिपोर्टावर ‘ई.आर.’ म्हणून जी दोन अक्षरे येतात ती याचीच. मग ध्यानात आले की काही गाठींत हा ग्राही असतो आणि काहींत नसतो. ज्यांच्या गाठीत तो असतो त्यांनाच बीजकोश काढल्याचा गुण येण्याची आशा. जेन्सन यांचे सहकारी पुढे वाढत गेले, आणि २००४ साली पिएर शाँबों आणि रोनाल्ड इव्हान्स यांच्याबरोबर त्यांना अमेरिकेतला मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. शाँबों आणि इव्हान्स यांच्या प्रयोगशाळांनी १९८५-८६ च्या सुमारास अशा ग्राहींची जनुके शोधून काढली आणि मग कळले की हे मोठे खानदानच आहे. माणसात या घराण्याचे ४८ ग्राही आहेत. थायरॉइडचा, कॉर्टिसोनचा, पुरुष-हार्मोनचा, इतकेच काय ड जीवनसत्त्वाचासुद्धा ग्राही याच घराण्यातला.

आता पेशीच्या कचेरीत जाऊ.

तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये जे गेले असतील त्यांना तेथील दृश्य आठवेल. जुने कागद लाल कापडाच्या रुमालांत गच्च बांधून फळ्यांवर रचलेले असतात. आपल्याला हवा तो उतारा त्यांत असतोच. पण आधी अर्ज लागतो, तो घेणारा कारकून लागतो, रुमाल सोडणारा शिपाई लागतो आणि शेवटी नक्कल उतरवून देणारा लागतो. यातला एक जरी जागेवर नसला तरी आपली खेप फुकट जाते.

आपल्या प्रत्येक पेशीच्या मधोमध अशीच एक रेकॉर्ड रूम असते. तिला केंद्रक म्हणतात. त्यात डी.एन.ए. नावाचा बारीक दोरा असतो. एका पेशीतला दोरा सरळ केला तर सुमारे दोन मीटर भरेल. या दोऱ्यावर कोणते प्रथिन कसे बनवायचे त्याचे सुमारे २० हजार मजकूर लिहिलेले आहेत. हीच जनुके. इतका लांब दोरा एवढ्याशा जागेत मावावा म्हणून तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळून ठेवलेला असतो. स्तनाच्या पेशीतले रेकॉर्ड आणि गर्भाशयाच्या पेशीतले रेकॉर्ड शब्दन् शब्द सारखेच. फरक एवढाच की कुठे कोणता रुमाल सुटलेला आहे आणि कुठे कोणता बांधलेला.

इस्ट्रोजेन हा वरून आलेला अर्ज समजा. तो चरबीत विरघळणारा पदार्थ असल्याने पेशीच्या पडद्यातून सहज आत शिरतो. आत ग्राही वाट पाहत असतो. अर्ज येईपर्यंत त्याला काही राखणदार प्रथिने सांभाळून धरतात. इस्ट्रोजेन आले की ते ग्राहीच्या पोटातल्या खाचेत बसते, राखणदार सुटतात, आणि दोन ग्राही एकमेकांना बिलगून जोडी करतात. ही जोडी मग दोऱ्यावर आपली ठरलेली जागा हुडकते. जागा ओळखण्यासाठी प्रत्येक ग्राहीला जस्ताच्या कणांभोवती वळलेली दोन बोटे असतात. होय, आपण भांड्यांना वापरतो तेच जस्त! या बोटांनी ग्राही डी.एन.ए.ची अक्षरे चाचपतो. दोन ग्राहींसाठी दोन सारखे शब्द, मध्ये तीन अक्षरांचे अंतर. गंमत अशी की दुसरा शब्द समोरच्या दोऱ्यावरून उलट्या दिशेने वाचला की पहिलाच शब्द निघतो. ‘चिमा काय कामाची’ हे जसे उलटसुलट वाचता येते, तसाच काहीसा हा प्रकार.

पूर्वी शास्त्रज्ञांना वाटे की ग्राही जाऊन बसला की जनुक सुरू होते, संपली गोष्ट. पण कारकून रेकॉर्ड रूमच्या दारात जाऊन उभा राहिल्याने नक्कल निघते काय? रुमाल सोडणार कोण?

रुमाल सोडणाऱ्यांचा पत्ता १९९५ च्या सुमारास लागला. अमेरिकेतील ह्यूस्टन येथील बर्ट ओ’मॅली यांच्या प्रयोगशाळेने त्या वर्षी ग्राहीला मदत करणारे एक प्रथिन ओळखले आणि त्याला ‘एस.आर.सी.-१’ असे नाव दिले. याच्यासारख्यांना आपण सोडणारे जोडीदार म्हणू. ते ग्राहीला चिकटतात आणि आपल्याबरोबर आणखी प्रथिने घेऊन येतात. त्यांतली काही हिस्टोनच्या शेपट्यांवर अॅसेटिल नावाचे लहानसे रासायनिक टिकले लावतात. हिस्टोनवर धन विद्युतभार असतो, दोऱ्यावर ऋण, म्हणूनच तर दोरा रिळाला घट्ट धरून असतो. टिकला लागला की हिस्टोनचा भार कमी होतो आणि पकड सैल पडते. मजकूर उघडा पडतो. दुसरी काही प्रथिने नक्कल उतरवणाऱ्या यंत्राला बोलावून आणतात आणि त्या जनुकाच्या नकला निघू लागतात. त्या नकलांवरून प्रथिने बनतात. स्तनाच्या पेशीत इस्ट्रोजेनने उघडलेल्या जनुकांपैकी कित्येकांचा मजकूर एकच सांगतो : वाढा, दोनाच्या चार व्हा.

त्याच वर्षी दुसऱ्या प्रयोगशाळांना उलट काम करणारी प्रथिनेही सापडली. हे बांधणारे जोडीदार. ते ग्राहीला चिकटले की हिस्टोनवरचे टिकले पुसणारी प्रथिने बोलावतात. रुमाल पुन्हा आवळला जातो. म्हणजे ग्राही एकच. त्याच्या शेजारी सोडणारा उभा राहिला तर जनुक बोलते, बांधणारा उभा राहिला तर मुके होते.

मग शेजारी कोण उभे राहणार हे कसे ठरते? निम्मे उत्तर अर्जातच आहे, म्हणजे ग्राहीच्या खाचेत कोण बसले आहे त्यात. १९९७-९८ साली क्ष-किरणांच्या मदतीने ग्राहीचे अगदी जवळून चित्र मिळाले. ग्राहीच्या हार्मोन धरणाऱ्या भागात प्रथिनाच्या बारा वेटोळ्या असतात आणि बारावी वेटोळी डब्याच्या झाकणासारखी हलते. इस्ट्रोजेन आत नेमके मावते, झाकण बसते, आणि झाकण बसल्यावर बाहेरच्या अंगाला एक खोबण तयार होते. सोडणाऱ्या जोडीदाराचा एक उंचवटा या खोबणीत बरोबर बसतो.

टॅमॉक्सिफेनही याच डब्यात शिरते, कारण त्याची घडण बरीचशी इस्ट्रोजेनसारखी आहे. पण त्याला एक लांब दांडा आहे. मिठाच्या डब्यात मोठा चमचा तसाच ठेवला तर झाकण बसते का? तसेच इथे होते. दांडा आडवा येतो, झाकण बाजूला सरकते आणि सरकता सरकता त्याच खोबणीत जाऊन पडते. सोडणाऱ्याची जागाच बुजली! आता तिथे बांधणारे येऊन बसतात. इस्ट्रोजेन बाहेर फिरत राहते, पण डबा भरलेला असल्याने त्याला शिरकाव नाही. स्तनाच्या पेशीला “वाढा” हा आदेश मिळत नाही.

पहिल्या घोळाचे उत्तर हेच. ही गोळी हार्मोन नव्हे. हार्मोनच्या खुर्चीत जाऊन बसणारी आणि त्याला बसू न देणारी ही वस्तू आहे. ‘हार्मोन थेरपी’ या नावाने आम्हाला तरी नेहमीच राग येतो. ‘हार्मोनरोधक गोळी’ असे चिठ्ठीवर लिहायला कितीशी शाई लागते?

आता गर्भाशय. येथे उत्तराचा उरलेला निम्मा भाग येतो, आणि तोच अधिक महत्त्वाचा आहे. १९८८ साली क्रेग जॉर्डन यांच्या गटाने एक साधा पण पक्का प्रयोग केला. एकाच उंदराच्या अंगात त्यांनी माणसाच्या दोन गाठी वाढवल्या, एक स्तनाच्या कर्करोगाची आणि एक गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाची. उंदराला टॅमॉक्सिफेन दिले. स्तनाची गाठ आवरली गेली, गर्भाशयाची मात्र वाढत राहिली. उंदीर तोच, रक्त तेच, औषध तेच. म्हणजे फरक औषधात नव्हता, त्या त्या पेशीच्या आत होता.

आत काय होते ते २००२ साली बोस्टन येथील योंगफेंग शांग आणि माइल्स ब्राउन यांनी दाखवले. ग्राहीला जोडीदार धरण्यासाठी झाकणाजवळच्या खोबणीखेरीज दुसऱ्या टोकालाही एक जागा असते. त्या जागेचा झाकणाशी संबंध नाही. स्तनाच्या पेशींत सोडणारे जोडीदार कमी असल्याने ती जागा एकटी फारसे काही करू शकत नाही. पण गर्भाशयाच्या अस्तराच्या ज्या पेशी त्यांनी तपासल्या त्यांत एस.आर.सी.-१ मुबलक होते. खोबण बुजलेली असूनही सोडणारे दुसऱ्या टोकाने आत शिरले आणि टॅमॉक्सिफेन असतानाही वाढीची काही जनुके उघडली. शास्त्रज्ञांनी त्या पेशींतले एस.आर.सी.-१ कमी केले, तेव्हा गोळीची ही उलटी चाल थांबली. पुरावा याहून वेगळा काय हवा?

सरकारी आदेश मंत्रालयातून सगळ्या तालुक्यांना एकच निघतो. पण त्याचा अंमल कसा होईल हे त्या त्या कचेरीत कोण माणसे बसली आहेत त्यावर ठरते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. टॅमॉक्सिफेन छातीत कुलूप आहे आणि गर्भाशयात अर्धीमुर्धी किल्ली आहे. पाळी गेलेल्या बायकांच्या हाडांतही ते इस्ट्रोजेनसारखे वागते आणि हाडांना आधार देते. या ज्ञानातूनच अवयव पाहून वागणाऱ्या औषधांचा एक वर्ग ओळखला गेला. रॅलॉक्सिफेन हे त्यांतले दुसरे. ते हाडांना आधार देते, पण गर्भाशयाच्या अस्तराला चेतवत नाही. १९९७ साली अमेरिकेत ते हाडांच्या ठिसूळपणावर मंजूर झाले.

या वर्गातले एक औषध तर आपल्या भारतातलेच आहे, आणि आपल्यातल्या पुष्कळ भगिनींनी ते हातात घेतलेले असेल. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने सेंटक्रोमान नावाचे औषध शोधले. १९९१ साली ते ‘सहेली’ या नावाने बाजारात आले आणि २०१६ पासून सरकारच्या कुटुंब नियोजन कार्यक्रमात ‘छाया’ या नावाने मोफत मिळते. आशाताई पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग आठवड्यातून एकदा घ्यायला सांगतात, तीच ही गोळी. ती बीज बाहेर पडणे थांबवत नाही. गर्भाशयातल्या ग्राहीच्या डब्यात बसून इस्ट्रोजेनला अडवते, त्यामुळे अस्तर वेळेवर तयार होत नाही आणि गर्भ रुजत नाही. टॅमॉक्सिफेनची कहाणीही अशीच पाळणा लांबवण्यापासून सुरू झाली. इंग्लंडमधील चेशायर परगण्यात आय.सी.आय. कंपनीच्या प्रयोगशाळेत १९६२ साली डोरा रिचर्डसन या बाईंनी ते बनवले, ते संततिनियमनाची गोळी म्हणून. उंदरांत ती लागू पडली. स्त्रियांत मात्र तिने बीज सुटायला मदतच केली! गोळी अडगळीत जाणार होती. पण १९७१ साली मँचेस्टरच्या ख्रिस्ती हॉस्पिटलमध्ये स्तनाचा कर्करोग पसरलेल्या ४६ स्त्रियांना ती देऊन पाहिली, आणि दहा जणींना चांगला गुण आला. १९७३ साली ब्रिटनमध्ये तिला या आजारासाठी परवानगी मिळाली. आज तिचे पेटंट कधीच संपले आहे, ती आवश्यक औषधांच्या यादीत आहे आणि कर्करोगाच्या औषधांत अगदी स्वस्त अशी आहे.

आता भगिनीच्या व्यवहाराच्या प्रश्नाकडे. हिशेब हा आमचा रोजचा धंदा, तेव्हा आकडे पाहू. जगभरच्या २० चाचण्यांतल्या २१ हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती एकत्र करून २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ज्यांच्या गाठीत ग्राही होता, त्यांनी पाच वर्षे गोळी घेतली तर पंधरा वर्षांतले या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. गोळी चालू असताना आजार उलटण्याचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. गोळी थांबवल्यानंतरही तिचा फायदा वर्षानुवर्षे टिकला. ज्यांच्या गाठीत ग्राही नव्हता, त्यांना काहीही फायदा झाला नाही, आणि आता कारभार समजल्यावर तसे का झाले तेही उघड आहे. दुसऱ्या बाजूला गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका दोन-तीन पटींनी वाढतो, तो मुख्यतः पंचावन्नच्या पुढच्या स्त्रियांत. मूळ धोका लहान असल्याने दोन-तीन पट होऊनही तो लहानच राहतो. शिवाय हा आजार अंगावर रक्त जाऊन लवकर इशारा देतो. म्हणून पाळी गेल्यावर एक डाग जरी दिसला तरी त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे. ज्यांची पाळी चालू आहे त्यांनी मधेच किंवा फार जाऊ लागले तर दाखवावे. पायाची पोटरी अचानक सुजून दुखू लागली किंवा एकाएकी धाप लागली तर थांबू नये, रक्ताची गुठळी झालेली असू शकते. अंगातून गरम वाफा येणे हा त्रास बहुतेकींना होतो. तो नकोसा असतो खरा, पण तेवढ्यासाठी मनाने गोळी सोडू नये.

हे सगळे ज्या एका कागदावर अवलंबून आहे त्याबद्दल आम्हाला जरा सविस्तर लिहायचे आहे. तो कागद म्हणजे गाठीचा ग्राही-तपासणीचा रिपोर्ट. काही ठिकाणी गाठ काढली जाते, “कॅन्सर आहे” एवढा रिपोर्ट येतो आणि ई.आर.ची तपासणी होतच नाही, कारण तिचे पैसे वेगळे पडतात. असे कागद आम्ही स्वतः पाहिले आहेत. ही तपासणी झाली नाही तर स्वस्त आणि गुणकारी गोळी बाईला मिळायची की नाही हेच कोणाला कळत नाही. बीटसन यांच्या काळात आणि आपल्यात मग फरक तो काय राहिला?

दुसरी गोष्ट फॉर्मॅलिनची. काढलेली गाठ लवकरात लवकर, तासाभराच्या आत, पुरेशा फॉर्मॅलिनमध्ये बुडाली पाहिजे. ती तशीच बराच वेळ राहिली किंवा साध्या पाण्यात ठेवली, तर ग्राही प्रथिन नासते आणि असूनही ‘नाही’ असा रिपोर्ट येऊ शकतो. लहान दवाखान्यातून प्रयोगशाळेपर्यंत बाटली पुष्कळदा नातेवाइकांच्याच हातात दिली जाते. तेव्हा बाटलीत फॉर्मॅलिन आहे ना, हे नर्सताईंना विचारायला लाजू नका. शंभरातल्या एका कर्कपेशीत जरी ग्राही दिसला तरी रिपोर्ट ‘पॉझिटिव्ह’ धरायचा, असा आजचा नियम आहे. ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द ऐकून घरात रडारड होते, तीही थांबली पाहिजे. इथे पॉझिटिव्ह म्हणजे गोळी लागू पडण्याची आशा आहे.

सगळ्यांनाच गोळी लागू पडते असे मात्र नाही. काही गाठींत सोडणाऱ्या जोडीदारांची संख्याच अतोनात वाढलेली असते. १९९७ साली सापडलेला एक जोडीदार तर स्तनाच्या गाठींत जास्त आढळतो म्हणूनच नजरेत भरला. अशा पेशीत छातीतसुद्धा कुलपाची किल्ली होऊ लागते. काही गाठींत वर्षानुवर्षांच्या उपचारानंतर ग्राहीचे झाकण हार्मोनशिवायच बंद राहायला शिकते. त्यांच्यासाठी ग्राहीलाच मोडून टाकणारी औषधे निघाली आहेत, पण ती महाग आहेत. पाळी गेलेल्या स्त्रियांना लेट्रोझोलसारखी गोळीही देतात. ती डबा अडवत नाही, इस्ट्रोजेन बनणेच थांबवते. कोणती गोळी कोणाला हे वय आणि पाळी पाहून डॉक्टर ठरवतात. शेजारणीची गोळी बरी वाटली म्हणून अदलाबदल करू नये.

पुरुषांनाही हा आजार होतो, शंभर रुग्णांत साधारण एक. त्यांच्या गाठींत ग्राही बहुधा असतोच आणि त्यांनाही टॅमॉक्सिफेनच देतात. छातीत गाठ लागली म्हणून लाज वाटून वर्षभर सदऱ्याआड झाकून ठेवणारे बंधू आम्हाला ठाऊक आहेत.

आणखी दोन गोष्टी, ज्या गर्दीच्या ओ.पी.डी.त सांगायच्या राहून जातात. टॅमॉक्सिफेन चालू असताना दिवस जाऊ देऊ नयेत, बाळाला अपाय होतो. पाळी अनियमित झाली म्हणजे दिवस जाणार नाहीत असे समजू नये. तांबी किंवा निरोध यांबद्दल डॉक्टरांशी बोलावे, हार्मोनच्या गर्भनिरोधक गोळ्या घेऊ नयेत. आणि मन उदास राहते म्हणून दुसऱ्या डॉक्टरांनी औषध दिले असेल तर त्याची चिठ्ठी कॅन्सरच्या डॉक्टरांना जरूर दाखवावी. फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन यांसारखी औषधे यकृतात टॅमॉक्सिफेनचे खरे कामाचे रूप तयार होऊ देत नाहीत. त्याऐवजी देण्यासारखी दुसरी औषधे आहेत.

रिपोर्टाच्या दोन झेरॉक्स काढून एक घरच्या ट्रंकेत आणि एक नेहमीच्या पिशवीत ठेवावी. गोळ्या संपायच्या आठ दिवस आधी पुढचे पाकीट आणावे. कामाच्या धबडग्यात एखाद्या दिवशी गोळी चुकली, तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत, नेहमीची एकच घ्यावी.